स्पितीची तीच चौकट चार ऋतूंत टिपायची, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

हिमाचलमधल्या स्पितीला दोन-तीनदा जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवतात, तेव्हा एक चूक हमखास दिसते. पहिल्या खेपेचा जूनमधला की-गोंपा (की गावचा बौद्ध मठ) असतो, दुसऱ्या खेपेचा फेब्रुवारीतला. दोन्ही फोटो सुरेख, पण शेजारी ठेवले की जोडी जमत नाही. एकात नदी गोंपाच्या खांद्यावरून जाते, दुसऱ्यात पायथ्याशी. एक उभ्याने काढलेला, एक बसून. मग बर्फामुळे दृश्य बदललं, की आपली उभं राहायची जागा बदलली म्हणून, हेच कळत नाही. इतका खर्च, इतका प्रवास, रजा जमवण्याची एवढी कसरत, आणि हाती दोन सुटे फोटो.

हा लेख त्या चुकीसाठी आहे. एकाच ठिकाणी ऋतूंमागून ऋतू जायचं असेल तर पहिल्या खेपेपासून काय पाळायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरण स्पितीचं, कारण ते खोरं मी चारही ऋतूंत पायाखाली घातलं आहे. मुनस्यारीला किंवा काश्मीरला जाणाऱ्यांनी गावांची नावं बदलावीत, पद्धत तीच राहील.

## टप्पा 1: फेऱ्यांचा क्रम ठरवा, तारखा नंतर

आपल्याकडे सहल ठरते ती शाळेच्या सुट्ट्यांवरून. त्यामुळे स्पितीची पहिली भेट बहुतेकांची मे-जूनमध्ये होते, दुसरी दिवाळीत. या कामाची सुरुवात करायला या दोन्ही वेळा गैरसोयीच्या. मेमध्ये वरच्या गावांची शेतं अजून मातीच्याच रंगाची असतात. दिवाळीपर्यंत झाडांची पानं बहुधा गळून गेलेली असतात, शेतं रिकामी, आणि बर्फही नीट साचलेलं नसतं.

माझ्या अनुभवातून बसलेला क्रम असा:

पहिली फेरी: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले 10 दिवस. आकाश निवळलेलं, नदी निळी, ताबोपासून वर वाळुंज आणि पॉप्लर पिवळे, नदीकाठच्या काटेरी झुडपांवर नारिंगी फळं. सातू कापून झालेला असतो. मुख्य म्हणजे जमीन दिसते. उभं राहायची जागा, बांध, दगड, पायवाट सगळं उघडं असतं.

दुसरी: फेब्रुवारी. बर्फ.

तिसरी: मे. बर्फ मागे सरकलेलं, नांगरणी आणि वाटाण्याची पेरणी चाललेली.

चौथी: जुलैअखेर ते ऑगस्ट. वाटाणा हिरवागार, तोडणी सुरू, नदी गढूळ राखाडी.

पहिली फेरी हिवाळ्यात करायचा मोह होतो, कारण बर्फाचे फोटो पटकन नजरेत भरतात. तो मोह आवरा. बर्फात निवडलेली जागा उन्हाळ्यात सापडत नाही. तुम्ही नक्की कशावर उभे होता हे बर्फाखाली तुम्हाला दिसलेलंच नसतं. उघड्या जमिनीवर जागा निवडून ठेवली, तर बर्फात ती शोधता येते. उलट होत नाही.

चारही फेऱ्या एका वर्षात बसवायची गरज नाही. माझ्या तीन वर्षांत झाल्या. फक्त क्रम मोडू नका.

> सावध: मनालीकडून अटल बोगदा, ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंड असा येणारा रस्ता साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच भरवशाचा. बोगदा 2020 पासून सुरू झाला म्हणून काझाचा (स्पितीतल्या मुख्य गावाचा) रस्ताही बारमाही झाला, असा समज सर्रास आढळतो. बोगदा लाहौलला जातो. काझाला जायला पुढे 4,500 मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडावीच लागते, आणि ती बर्फाने बंद होते. फेब्रुवारी आणि मेच्या फेरीचा बेत शिमला-किन्नौरकडूनच आखा.

## टप्पा 2: घरून करायची तयारी

इथे दोनच गोष्टींवर वेळ घालवा: सूर्य आणि चौकटींची कच्ची यादी.

सूर्य. काझा साधारण 32 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटी तिथे सूर्य उत्तर दिशेपासून सुमारे 62 अंशांवर, म्हणजे ईशान्येच्या थोडा पूर्वेला उगवतो. डिसेंबरच्या शेवटी 118 अंशांवर, म्हणजे आग्नेयेकडे. फरक 56 अंशांचा. भर दुपारी जूनमध्ये तो 81 अंश उंच असतो, अगदी डोक्यावर. डिसेंबरमध्ये जेमतेम 34 अंश. त्यामुळे सप्टेंबरात सकाळी सातला ज्या भिंतीवर ऊन पडलं, तिच्यावर फेब्रुवारीत सातला पडेलच असं नाही. समोरचा डोंगर आडवा येतो आणि काही कोपऱ्यांत ऊन उतरायला दहा-साडेदहा होतात. सूर्याची दिशा दाखवणारं एखादं अॅप फोनवर घ्या, त्यात प्रत्येक ठिकाणच्या चारही महिन्यांच्या दिशा पाहा आणि वहीत लिहून ठेवा. तिथे नेटवर्कची खात्री धरू नका. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

यादी. दहा-बारा ठिकाणं लिहा, त्यातली पाचच टिकतील असं गृहीत धरून. माझ्या यादीत होतं: किब्बरच्या रस्त्यावरून खाली दिसणारा की-गोंपा, लांगझाची बुद्धमूर्ती आणि मागे 6,303 मीटरचं चाउ चाउ कांग निल्डा, धनकरवरून दिसणारा पिन आणि स्पिती नद्यांचा संगम, चिचमचा पूल, किब्बरची घरं, ताबोच्या बागा, हिक्किमची शेतं. शेवटी उरली चार. त्यातलं एक का गळलं, ते पुढे.

सामान थोडक्यात सांगते. कॅमेरा कोणताही चालेल. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि डोक्यावर पाणसळ असलेला हवा. लेन्स दोन पुरेत, पण चारही फेऱ्यांत त्याच दोन. मधेच नवी घेतली तरी या कामासाठी जुनीच न्या. शिंप्याची टेप, होकायंत्र, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. शाईचं पेन थंडीत हमखास दगा देतं. जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात, हे चंदीगडचं तिकीट काढलं की लक्षात असू द्या.

## टप्पा 3: चढण सावकाश

फोटोच्या नादात इथे घाई होते आणि सगळी फेरी वाया जाते. डॉक्टर सांगतात तो नियम सोपा आहे: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा.

म्हणून शिमला किंवा नारकंडा, मग कल्पाला (सुमारे 2,960 मीटर) शक्य तर दोन रात्री, मग ताबो (3,280), मग काझा (3,650). नाको वाटेत लागतं आणि मन ओढतं, पण ते ताबोपेक्षा उंच आहे. तिथे चहा घ्या, तळ्याभोवती फिरा, झोपायला ताबोला उतरा. काझात तीन रात्री झाल्याशिवाय लांगझा किंवा किब्बरला मुक्काम करू नका. ती गावं 4,200 ते 4,400 मीटरवर आहेत. दिवसा जाऊन संध्याकाळी खाली आलात तर चालतं.

मनालीहून एका दिवसात काझा गाठणारे आणि दुसरा सगळा दिवस डोकं धरून बसणारे लोक मी दर खेपेला पाहते. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, गाडीतल्या सोबत्याला नको.

> तपासा: डोकेदुखीसोबत उलटी होत असेल तर वर चढू नका. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरा. पहाटेच्या फोटोसाठी थांबू नका.

## टप्पा 4: चौकट निवडा

पहिल्या फेरीत काझाला पोचल्यावर दोन दिवस कॅमेरा गळ्यात नको. शरीरालाही ती विश्रांती हवी असते. वही आणि फोन घेऊन ठिकाणं बघत फिरा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला चार प्रश्न विचारा.

एक: इथे ऋतूने बदलणारं काय आहे? शेत, झाड, पाणी, छपरावरचा साठा, रस्त्यावरची माणसं, यातलं किमान दोन असावं. चिचमचा पूल माझ्या यादीतून यामुळेच गळला. पूल आणि खालची घळई बघताना छाती दडपते, पण खडक आणि लोखंड यापलीकडे त्या चौकटीत बदलणारं फार थोडं. उलट किब्बरच्या घरांची साधीशी चौकट सर्वांत बोलकी निघाली. तिथे थंडीआधी छपराच्या कडेने झुडपांचा आणि चाऱ्याचा थर रचतात. ऑक्टोबरात तो गच्च असतो, मेपर्यंत झिजलेला.

दोन: न बदलणारं काय आहे? जवळ एक आणि लांब एक, अशा दोन ठाम गोष्टी चौकटीत हव्यातच. घराचा कोपरा, चोर्तेन (बौद्ध स्तूप), विजेचा खांब जवळ. डोंगराची खाच किंवा कडा लांब. त्याशिवाय पुढच्या खेपेला जागा जुळणार नाही.

तीन: फेब्रुवारीत मी इथे उभी राहू शकेन का? हा प्रश्न सगळे विसरतात. धनकरच्या वरच्या बाजूला मला एक अप्रतिम जागा सापडली होती, निसरड्या मुरमाच्या उतारावर. बर्फात तिथे पाय ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. ती सोडली आणि गावाच्या वाटेवरची, थोडी कमी देखणी जागा घेतली. चारही ऋतूंत पोचता येणारी मध्यम जागा ही एकाच ऋतूत पोचता येणाऱ्या उत्तम जागेपेक्षा चांगली, हे माझं ठाम मत आहे.

चार: परवानगी आहे का? ताबोच्या 996 साली स्थापन झालेल्या जुन्या मंदिरात आत फोटो काढायला मनाई आहे. भिंतींवरची चित्रं डोळ्यांनी बघा. लष्कराच्या चौक्या आणि सुमदोचं ठाणं यांच्या आसपास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. ड्रोन या सीमाभागात आणूच नका. या कामाला त्याचा उपयोगही नाही, हवेतली जागा पुन्हा हुबेहूब सापडणार कशी?

चार किंवा पाच चौकटींवर थांबा. फेब्रुवारीत दिवस लहान असतो आणि रस्ते बंद असतात. दहा चौकटी घेतल्या तर सहा रिकाम्या राहतात.

## टप्पा 5: उभं राहायची जागा नोंदवा

सगळ्या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

फोनवर जागेची खूण टाकली की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघा. फोनचा जीपीएस उघड्यावरही 3 ते 5 मीटर चुकतो. तुमच्यापासून 20 मीटरवर एक चोर्तेन आहे, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरची लेन्स आहे, आणि तुम्ही फक्त 1 मीटर बाजूला उभे राहिलात, तर लांबच्या डोंगरापुढे ते चोर्तेन चौकटीच्या रुंदीच्या 7 टक्के सरकतं. 5 मीटर चुकलात तर 35 टक्के. म्हणजे डोंगराच्या डाव्या खांद्याखालचं चोर्तेन उजव्या खांद्याखाली जातं. जीपीएस तुम्हाला वळणापर्यंत आणून सोडतो, पुढचं काम वहीचं.

क्रम असा ठेवा:

1. ट्रायपॉड रोवा, चौकट नक्की करा, मग हलवू नका.
2. चौकटीत जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या दोन जोड्या शोधा आणि शब्दांत लिहा. माझ्या वहीतली एक नोंद: "डावी जोडी: निळ्या दाराच्या घराचा वरचा उजवा कोपरा, मागच्या कड्याच्या दुसऱ्या खाचेच्या बरोबर खाली. उजवी जोडी: खांबाचं टोक, पांढऱ्या पट्ट्याला चिकटून."
3. लेन्सच्या मध्यापासून उंची टेपने मोजा. जमिनीपासून आणि शेजारच्या पक्क्या गोष्टीपासून, दोन्ही. कठड्याच्या वरच्या कडेपासून इतके सेंटिमीटर वर किंवा खाली, अशी.
4. दोन पक्क्या वस्तूंपासूनचं अंतर मोजा: कठड्याचा कोपरा 2 मीटर 40, खांब 6 मीटर 10. दोन अंतरांनी जागा बांधली जाते.
5. होकायंत्राने कॅमेऱ्याची दिशा लिहा.
6. आता फोनने ट्रायपॉडचेच फोटो काढा: चारही बाजूंनी, आणि एक दहा पावलं मागे जाऊन, ज्यात ट्रायपॉड आणि समोरचं दृश्य दोन्ही येतील. यालाच पाच मिनिटं लागतात आणि हेच पुढे दोन तास वाचवतात.
7. लेन्स, फोकल लेंथ, वेळ, तारीख.

मोजायच्या खुणा बर्फातून वर डोकं काढतील अशाच घ्या. याची किंमत मी मोजली आहे. की-गोंपाच्या वरच्या रस्त्यावर मी सप्टेंबरात कडेचा एक चुन्याने रंगवलेला दगड खूण म्हणून लिहिला होता आणि लेन्सची उंची फक्त जमिनीपासून घेतली होती. फेब्रुवारीत गेले तर दगड गडप, आणि मी दोन फूट दाबलेल्या बर्फावर उभी, म्हणजे जमिनीपासूनची उंचीही निकामी. ऊन गोंपाच्या भिंतींवरून उतरत चाललं होतं आणि मी पावलं टाकत इकडून तिकडे करत होते. फोनमधला मागून काढलेला एक ओझरता फोटो होता, त्यात वळणाच्या कठड्याचा तुटका कोपरा आला होता. त्यावरून जागा लागली, पण तोवर दीड तास गेला होता आणि सकाळचं तिरपं ऊनही.

> सावध: दगडांवर रंगाने खुणा करू नका. मंत्र कोरलेले मणी-दगड हलवू नका, त्यावर ट्रायपॉड टेकवू नका, पताकांची दोरी आडवी येते म्हणून सोडू नका. लांगझाच्या उतारावर सापडणारे शंख-शिंपल्यांचे जीवाश्म उचलू नका आणि विकत घेऊ नका.

## टप्पा 6: सेटिंग एकदा ठरवा आणि पाळा

प्रत्येक चौकटीचे दोन फोटो काढायचे. एक तुलनेचा, एक ऋतूचा.

तुलनेचा फोटो सपाट उजेडात: ऊन पोचण्याआधी, ऊन गेल्यावर किंवा ढगाखाली. सावल्या नसल्या की चार ऋतूंतला खरा फरक उघडा पडतो, नाहीतर सूर्याच्या बदललेल्या दिशेचाच फरक दिसत राहतो. ऋतूचा फोटो मात्र त्या दिवशी जो उत्तम उजेड असेल त्यात, मनासारखा. फक्त जागा तीच.

तुलनेच्या फोटोला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), अपर्चर एफ 8, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दिवसाच्या उजेडावर पक्का. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा बर्फाचा निळेपणा काढून टाकेल आणि ऑक्टोबरचा पिवळा रंग थंड करेल, म्हणजे तुम्ही जे टिपायला आलात तेच पुसलं जाईल. पोलरायझर (चकाकी कापणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा. 4,000 मीटरवर आकाश मुळातच गडद असतं. पोलरायझर लावला, त्यातही रुंद लेन्सवर, की आकाशाची एक बाजू जवळजवळ काळी होते.

चौकट हवी त्यापेक्षा किंचित मोकळी ठेवा. पुढे जुळवताना कडा कापाव्या लागतात.

> तपासा: जागा सोडण्यापूर्वी काढलेला फोटो मोठा करून लांबच्या डोंगराची रेषा आणि जवळचा कोपरा दोन्ही धारदार आहेत का, बघा. दुपारनंतर स्पितीत वारा जोराचा सुटतो आणि हलका ट्रायपॉड थरथरतो. मधल्या दांड्याला पिशवी टांगा, ती जमिनीला टेकेल इतपत खाली.

## टप्पा 7: परत गेल्यावर जागा जुळवा

मागच्या फोटोची पोस्टकार्डाएवढी छापील प्रत सोबत हवी. फोनचा पडदा उन्हात दिसत नाही आणि थंडीत फोन बंद पडतो. प्रतीवर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेषा आखून तिचे नऊ भाग करा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तशीच जाळी लावा.

चूक इथे होते: लोक आधी झूम जुळवायला जातात. झूमने चौकट मोठी-लहान होते, जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं नातं तसूभरही बदलत नाही. ते फक्त पायांनी बदलतं. म्हणून क्रम असा:

आधी डावं-उजवं. लिहून ठेवलेली जोडी बघा. जवळची वस्तू लांबच्या खुणेच्या डावीकडे सरकलेली दिसते? मग तुम्हीही डावीकडे सरका. ती ज्या बाजूला गेली, त्याच बाजूला आपण जायचं. गडबडीत उलटं केलं जातं, म्हणून मी हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे.

मग वर-खाली. नियम तोच. जवळची वस्तू खाली गेलेली दिसते, तर कॅमेरा खाली घ्या. बर्फात हे जवळजवळ दर वेळी लागतं, कारण पायाखालचं बर्फ तुम्हाला उंच करतं. एकदा तर मी बर्फात खड्डा करून ट्रायपॉड आत उतरवला.

मग पुढे-मागे. जवळच्या दोन वस्तूंमधलं अंतर जुन्या प्रतीपेक्षा जास्त पसरलेलं दिसतं, तर तुम्ही फार जवळ आला आहात. मागे व्हा.

हे तिन्ही जमलं की मग कॅमेऱ्याची दिशा, आणि शेवटी झूम.

पहिल्यांदा अर्धा तास लागेल, नंतर दहा मिनिटं. एक-दोन टक्क्यांचा फरक राहिला तर घरी संगणकावर निघतो. त्याहून मोठा निघत नाही.

## टप्पा 8: फेब्रुवारीची फेरी

या फेरीला प्रवासाशिवाय तीन दिवस जास्तीचे ठेवा. किन्नौरचा रस्ता बारमाही म्हणवला जातो, पण हिमपात झाला की मलिंगच्या आसपास आणि पुढेही दोन-दोन दिवस थांबावं लागतं. परतीचं विमान रस्ता उघडायच्या भरवशावर काढू नका. बहुतेक हॉटेलं बंद असतात, राहायचं घरांतूनच. नळ गोठलेले, संडास कोरडा, वीज कधीही जाते. गरम खोली एकच, बुखारीची (खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीची), आणि सगळं घर तिच्याभोवती बसतं. रोख पैसे घेऊन जा.

बॅटऱ्या. रात्री पारा उणे 20 च्याही खाली जातो. बॅटरी मेली असं वाटतं, ती मेलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात अंगाशी ठेवा, दोन आलटून-पालटून वापरा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्याने ती कायमची बिघडते. आधी खोलीत तिचा गारठा जाऊ द्या.

दव. पावसाळ्यात एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की मुंबईकरांच्या लेन्सवर धुकं धरतं. इथे तेच उलट्या दिशेने आणि कितीतरी जोराने होतं. बाहेरून आल्यावर कॅमेरा सरळ बुखारीच्या खोलीत नेलात तर आतपर्यंत पाणी सुटतं. बाहेरच असताना तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग आत आणा आणि दोन-तीन तास उघडू नका. कार्ड आणि बॅटरी पिशवीत घालण्यापूर्वीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायची घाई आवरते.

उजेड. कॅमेरा बर्फाला राखाडी समजतो. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), मग हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. उजवी कड भिंतीला आदळत नसेल तर ठीक. पडद्यावरच्या चित्रावर विश्वास नको, भोवतीच्या चकाकीत ते नेहमी अंधारंच दिसतं.

ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. उघड्या बोटांनी तो धरवत नाही.

हिमबिबट्याचा बेत या फेरीत घुसडू नका. किब्बरला त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटाडे घेऊन लोक दिवसच्या दिवस उतारावर बसतात. ते वेगळं काम आहे, त्याला वेगळी फेरी द्या.

## टप्पा 9: मे आणि ऑगस्ट

मेची फेरी सोपी, पण लोक ती लवकर उरकतात. शेतावर माणसं असतात ती सकाळी, म्हणून ऋतूचा फोटो सकाळी घ्या. धूळ खूप, लेन्स गाडीत काच वर करूनच बदला.

ऑगस्टमध्ये खुद्द स्पितीत पाऊस कमी, डोंगरांच्या पलीकडे पावसाची सावली आहे. धोका वाटेवर आहे: किन्नौरमध्ये दरडी, मनालीकडे ओढ्यांना पूर. जुलै 2023 मध्ये चंद्रतालला सुमारे 300 पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले होते. या फेरीलाही दोन दिवस हाताशी ठेवा आणि नाले सकाळीच ओलांडा. दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं.

## टप्पा 10: प्रती घेऊन गावात जा

ज्यांची घरं, शेतं तुमच्या चौकटीत आहेत, त्यांच्यासाठी छापील प्रती न्या. फोनवर पाठवलेला फोटो पुरेसा नाही. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नको. "जुले" (तिथला नमस्कार) म्हणून थांबा, समोरून हसून उत्तर आलं तर पुढे बोला.

किब्बरच्या ज्या घरात मी उतरते तिथल्या आमांना मी ऑक्टोबर आणि मेच्या प्रती दिल्या. त्यांनी खिडकीशी नेऊन बघितल्या. गोठ्यातून येऊन हात पुसले होते तरी कागद फक्त कडांना धरला होता. मग मेच्या फोटोत शेजारच्या छपरावर बोट ठेवून म्हणाल्या, यांचं लाकूड बघ किती खाली गेलंय, त्या वर्षी थंडी लांबली होती. मी तो फोटो डझनभर वेळा पाहिला होता, त्यात मला छप्पर दिसलं होतं, थंडी लांबलेली दिसली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक प्रतीच्या मागे गावातलं माणूस जे सांगेल ते मी तिथेच पेन्सिलने लिहून घेते: पेरणीची तारीख, कोणतं शेत पडीक, पाट कधी सुटला.

## टप्पा 11: परतल्यावर त्याच आठवड्यात

फोल्डर ठिकाणावार करा, सहलीवार नको. "स्पिती फेब्रुवारी" अशा फोल्डरात जोड्या हरवतात. "किब्बर घरं" या एका फोल्डरात चारही ऋतू, नावात आधी वर्ष, मग महिना. दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरात टाका, वही हरवू शकते.

जुळवताना पहिल्या फेरीचा फोटो पाया धरा आणि बाकीचे त्यावर बसवा. आधीच्याला पुढचा, त्याला त्याच्या पुढचा, असं केलं तर प्रत्येक खेपेची थोडी चूक साचत जाते. रंगांची दुरुस्ती चारही फोटोंना सारखीच द्या.

मग पुढच्या फेरीसाठी नव्या प्रती छापायला टाका, चौकटीमागे दोन: एक जागा जुळवायला, एक त्या घरात द्यायला.